आधार: ओळ तिसरी

परीक्षा मंडळाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत जे गृहस्थ बसत, त्यांना शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे परिच्छेदमास्तर म्हणत. शाळेतली नोकरी सोडून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, पण मास्तरकी अंगातून जाते थोडीच! समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या डोळ्यांत लाल शाई उतरायची.

त्यांचं काम म्हटलं तर चार ओळींचं. नोकरभरतीच्या परीक्षेत एक भाग असतो. एक लहानसा परिच्छेद द्यायचा, त्याखाली चार विधानं, आणि प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय. अ म्हणजे खरं, ब म्हणजे खोटं, क म्हणजे सांगता येत नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण भलेभले तिथे तोंडावर आपटतात. परिच्छेदात लिहिलेलं असतं की दुकान सोमवारी बंद असतं. विधान येतं की दुकान मंगळवारी उघडं असतं. परीक्षार्थी झटकन ‘खरं’वर खूण करून पुढे. अरे बाबा, मंगळवारबद्दल कुणी एक अक्षर तरी काढलंय का? पण माणसाला ‘सांगता येत नाही’ म्हणताना कमीपणा वाटतो. त्यापेक्षा तो मनाने काहीतरी जोडून टाकतो आणि खुशाल चुकतो.

नव्याने प्रश्न काढायला शिकणाऱ्यांना मास्तर पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगत: परिच्छेदाबाहेर पाय ठेवायचा नाही. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर पाच शब्द होते. साहजिकच, अर्थातच, उघड आहे, ओघाने, रोख. प्रश्नाच्या उत्तराचं समर्थन करताना यातला एकही शब्द वापरला, की मास्तर कागद परत करत. प्रत्येक उत्तरापुढे ‘आधार’ नावाचा रकाना असे. त्यात ओळीचा क्रमांक टाकायचा आणि बाकी पाल्हाळ नको. उत्तर क असेल तर मात्र तेवढ्यावर सुटका नसे. तिथे आणखी एक रकाना होता, ‘नसलेली माहिती’. सांगता येत नाही ते का येत नाही, नेमकं काय समजलं असतं तर सांगता आलं असतं, ते लिहायचं. हा रकाना मास्तरांनी स्वतः भांडून आणला होता. “क म्हणजे खांदे उडवणं नव्हे,” ते म्हणत. “काय माहीत नाही, ते तरी नीट माहीत पाहिजे.”

घरी या विद्येचा ताप होताच. “चहा टाकू का?” असं बायकोने विचारलं, तर मास्तर म्हणत, “कुणासाठी, ते विधानात नाही.” डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, तर मास्तर त्यांना विचारून आले, की काहीच नाही, की काहीतरी आहे पण घाबरण्यासारखं नाही? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. एकदा बायको वैतागून म्हणाली, “तुमच्याशी लग्न करून माझं चुकलं. करा खूण, अ, ब की क?”

“क,” मास्तर म्हणाले.

“तीस वर्षांची माहिती कमी पडतेय?”

“एकाच बाजूची आहे.”

तर असा हा माणूस. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि एकोणीस वर्षांत त्यांची एकही उत्तरसूची बदलावी लागली नव्हती. परीक्षा झाली की मंडळ उत्तरांची सूची लावतं आणि ज्याला पटत नाही त्याने आठवड्याभरात आक्षेप घ्यायचा. आक्षेप येत, पोत्याने येत. मास्तर दोन ओळींत त्यांचा निकाल लावत आणि ‘सूची कायम’ असा शिक्का बसे.

त्या बुधवारी सकाळी आक्षेपाच्या टेबलावरच्या बाई एक कागद घेऊन वर आल्या. त्यांना सगळे आक्षेपताई म्हणत, आणि त्याला त्यांचा काही आक्षेप नव्हता.

“मास्तर, शेवटचा एक राहिलाय. तुमच्या परिच्छेदावरचा आहे. शुक्रवारी पाचच्या आत अभिप्राय हवा. सोमवारी निवड यादी लागतेय.”

“ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.”

ते पाच मिनिटांचं काम नव्हतं. मास्तरांनी आधी आपला परिच्छेद काढून वाचला. तो असा होता:

‘गावाबाहेरच्या थांब्यावर एक बाई रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास येऊन बसत. शहराकडून येणारी बस सहा वाजून दहा मिनिटांनी तिथे थांबत असे. बाईंचा धाकटा मुलगा शहरातल्या कारखान्यात काम करी व त्याच बसने परत येई. बस आल्यावर बाई उठत. थांब्यापासून त्यांचे घर वीस मिनिटांच्या अंतरावर होते.’

आणि तिसरं विधान: ‘बाई थांब्यावर आपल्या धाकट्या मुलाला घ्यायला येत.’ मास्तरांच्या हातचं उत्तर: अ, खरं. आधार: ओळ तिसरी.

मग त्यांनी आक्षेपाचा कागद उलगडला. अक्षर मोठं, एकेक शब्द सुटा आणि ओळी किंचित वर चढलेल्या.

‘परिच्छेदात बाई कशाला येतात ते लिहिलेलं नाही. मुलगा त्या बसने येतो एवढंच लिहिलंय. मी इस्पितळात चादरी धुऊन आल्या की घड्या घालायचं काम करते. सुटल्यावर मी रोज बसथांब्यावर बसते. तीन-चार बस सोडते. मी कुणाची वाट बघत नसते. घरी गेलं की बसायला मिळत नाही, म्हणून बसते. बघणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत नाही. माझा एक गुण कमी पडला आहे आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते, त्यामुळे ही माझी शेवटची खेप. पण म्हणून मी आक्षेप घेत नाही. उत्तर चुकलंय म्हणून घेते. उत्तर क पाहिजे.’

मास्तरांनी कागद पालथा घातला. मग सुलटा केला. उठून खिडकी उघडली, वारा आला म्हणून लावली, आणि परत येऊन बसले. झटक्यासरशी त्यांनी अभिप्राय लिहायला घेतला: ‘आक्षेप अमान्य. सूची कायम. परिच्छेदाचा रोख स्पष्ट आहे.’

आणि पेन तिथेच थांबलं. रोख! भिंतीवरच्या कागदावर पाचव्या क्रमांकाला जो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, तोच. इतकी वर्षं ज्या शब्दापायी त्यांनी कितीजणांना खोलीबाहेर काढलं होतं, तो आज त्यांच्याच पेनातून निमूट बाहेर आला होता. मास्तरांनी कागद फाडला, दुसरा घेतला, त्यावर ‘तिसऱ्या ओळीवरून साहजिकच’ असं लिहिलं आणि तोही फाडला.

घोडं कुठे पेंड खातंय ते मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. उत्तर अ आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ती बाई त्यांची आई होती.

एरवी मास्तरांचे परिच्छेद वजनकाटे, मधमाश्या, कागदाचे कारखाने असल्या कोरड्या विषयांवर असत. पण या वेळी शेवटच्या दिवशी एक परिच्छेद कमी पडला. मोठ्या मॅडमचा माणूस दारात उभा होता, तेव्हा मास्तरांनी डोक्यात जे आलं ते दहा मिनिटांत लिहून दिलं. दुसऱ्या तपासनिसाने मास्तरांचा म्हणून डोळे मिटून सही ठोकली. झालं!

दुपारी मोठ्या मॅडमनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर निवड यादीचा मसुदा पडलेला होता.

“मास्तर, तो एक आक्षेप निकालात काढून टाका. सूची बदलली तर सगळे पेपर पुन्हा तपासणीला जातील. कुणाचा गुण वाढेल, कुणाचा जाईल, सोमवारची तारीख बोंबलेल. तुमच्या सूचीला आजवर धक्का लागलेला नाही, उगाच आता जाता जाता कशाला?”

“बघतो.”

“बघतो म्हणजे? उत्तर बरोबर आहे ना?”

मास्तरांच्या जिभेवर ‘सांगता येत नाही’ आलं होतं, ते त्यांनी गिळलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “आधार शोधतोय.”

“आधार आधी असतो ना हो, मास्तर?” मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

त्या दिवशी मास्तर घरी जाताना दोन थांबे पुढे जाऊन उतरले. चालत मागे आले तेव्हा वाटेत प्रत्येक बाकड्यावर कुणी ना कुणी बसलेलं होतं, आणि मास्तर प्रत्येकाकडे टक लावून बघत होते. एक जाडगेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. वाट बघतोय की दम खातोय? एका बाईने बस आली तशी मान वर केली, बस गेली तशी खाली घातली. तिची बस चुकली, की तिला जायचंच नव्हतं? मास्तरांना स्वतःचाच राग आला. या चादरीवालीने डोक्यात किडा सोडून दिला होता.

गुरुवारी तर त्यांच्या पायाला भिंगरी लागली. दाढी करताना हनुवटी कापली. कचेरीत जिन्यावरून चार वेळा खाली-वर केलं. शेवटी आक्षेपताईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“ताई, तुम्ही तो परिच्छेद वाचला असेल. तुम्ही काय खूण केली असती?”

“मी? अ. मला वाटलं, आई आहे, लेकराला घ्यायलाच येणार.” त्यांनी परिच्छेद पुन्हा डोळ्यांखालून घातला. “एक विचारू? इथे धाकटा मुलगा म्हटलंय. म्हणजे थोरलाही असणार. तो कुठंय?”

“परिच्छेदात नाही.”

“ते दिसतंय. पण असेल ना?”

“थोरली बहीणही असू शकते,” मास्तर म्हणाले, आणि तिथून निघून गेले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

थोरला होता. तोही त्याच बसने येत असे. पस्तीस वर्षांपूर्वी मास्तर शहराच्या कडेला एका शाळेत नुकतेच लागले होते आणि धाकटा कारखान्यात शिलाई मशीनचे सुटे भाग जुळवायला शिकत होता. दोघं एकाच बसमध्ये, पण धाकटा दोस्तांबरोबर पुढे उभा आणि मास्तर वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून मागे. बस थांबली की धाकटा पुढच्या दाराने उडी मारायचा. आई बाकड्यावरून उठायची, पुढे व्हायची, त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी स्वतःकडे घ्यायची. मास्तर मागच्या दाराने उतरून त्यांच्यापर्यंत पोचेतो ती दोघं चालायलाही लागलेली असायची. थोरला एवढं जड वजन घेऊन येतोय, पण त्याच्या हातातली एक वहीही कधी कुणी घेतली नाही. चार वर्षं हे रोज बघितल्यावर निष्कर्ष काढायला अक्कल लागते का? पुढे आई म्हातारपणी राहायला गेली तीही धाकट्याकडेच, आणि तिथेच वारली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मास्तरांनी भावाशी भांडण असं कधी केलं नाही. लग्नाकार्यात भेटायचं, तब्येत विचारायची, जेवून निघायचं. आतमध्ये एक वाक्य होतं, ते गाठ मारून ठेवलेलं होतं, आणि त्या वाक्यापुढे अ लिहिलेला होता.

आता ती एक अनोळखी बाई इस्पितळातून विचारत होती, आधार कुठल्या ओळीत?

चटका बसतो तो इथे. अभिप्रायात क लिहायला मास्तरांना सूचीचं किंवा मॅडमचं भय नव्हतं. तिथे क लिहिला तर इकडे आतल्या वाक्यापुढचा अ कसा ठेवायचा? आणि तो काढला, तर पस्तीस वर्षं धाकट्याशी जे वागलो ते कशाच्या जिवावर? दुसरीकडे अ कायम ठेवला, तर चादरींच्या घड्या घालणारी ती बाई, जी बरोबर आहे हे त्यांना शंभर टक्के दिसत होतं, आयुष्यभर घड्याच घालत राहणार.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि स्वतःही बसली.

“दोन दिवस बघतेय मी. चपला शोधताय त्या पायात असतात. काय झालंय?”

मास्तरांनी सांगितलं, आई हा शब्द टाळून. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“सासूबाईंचं ना हे?”

मास्तरांनी कप बशीत सरळ केला.

“मग भाऊजींना जाऊन विचारा की. त्या बसमध्ये तेही होते.”

“तो काय सांगणार? स्वतःच्या फायद्याचा साक्षीदार तो.”

“आणि तुम्ही कसले साक्षीदार? तुम्ही तर मागच्या दाराने उतरत होतात.” ती उठली. “चहा घ्या तो. तुमच्यासाठीच आहे, विधानात नसलं तरी.”

दोन वाजता मास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण ‘खाजगी’ लिहिलं आणि अभिप्रायाचा कोरा फॉर्म खिशात घालून निघाले. आक्षेपताई मागून ओरडल्या, “मास्तर, पाच वाजता! पाच म्हणजे पाच!”

धाकट्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. अरुंद दुकान, भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी पायांची जुनी मशीनं, काही उलटी करून पोट उघडं टाकलेली. तेलाचा वास. काउंटरवर सुयांच्या डब्या आणि पितळी बॉबिनांचा ढीग. धाकटा कपाळावर चष्मा चढवून एका मशीनच्या तळाशी वाकला होता. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“दादा? कोण गेलं?”

“कुणी नाही. सहज आलो.”

“तू? आणि सहज?” धाकट्याने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं. “वहिनी बरी आहे ना? खरं सांग.”

“बरी आहे. सगळे बरे आहेत.” मास्तर स्टुलावर टेकले, पुन्हा उठले. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. “एक विचारायचं होतं. आई रोज थांब्यावर यायची. आठवतंय?”

“न आठवायला काय झालं?”

“कुणासाठी यायची?”

“तुझ्यासाठी,” धाकटा म्हणाला, मशीनमध्ये पेचकस घालता घालता, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्यासाठी? पिशवी कुणाची घ्यायची? तुझी! बसमधून उतरल्याबरोबर तुझ्याकडे जायची. मी तिथे आहे की नाही, याचा पत्ता तरी असायचा का तुम्हाला?”

“अरे, ओरडतोस काय? गिऱ्हाईक यायचं.” धाकट्याने पेचकस खाली ठेवला. “तुझ्या हातातल्या वह्या कोण घेणार होतं? पहिल्या आठवड्यात ती घ्यायला पुढे झाली, तर केवढ्याने खेकसलास तिच्यावर. क्रम बिघडेल, म्हणे. चारचौघांत. त्यानंतर तिने हात नाही लावला. मग मी आपली माझी पिशवी द्यायचो तिच्याकडे. रिकाम्या हाताने कशी चालणार बिचारी?”

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. खेकसलेलं आठवेना. पण ‘क्रम बिघडेल’ हे शब्द त्यांचेच होते. आजही शिपायाने टेबलाला हात लावला की ते हेच म्हणत.

“आणि शेवटी तुझ्याकडे राहायला आली, ते?”

“तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे बघितले होतेस का तू?” धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. “दादा, हे तू इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरतोयस?”

मास्तरांनी काउंटरवरची एक बॉबिन उचलली आणि तिचा सुटलेला दोरा गुंडाळू लागले.

“मला वाटायचं,” धाकटा म्हणाला, “हा शिकलेला, मास्तर झालेला, आई याच्यासाठी येते, आपण आपले पिशवी उचलायच्या कामाचे.” तो हसला, पण हसू पुढे गेलं नाही. “आता एक सांगू? दोघांसाठीही येत नसेल.”

“म्हणजे?”

“तुझी बदली झाली. वर्षाभरात मी दुकान टाकलं आणि इथे मागच्या खोलीत राहायला लागलो. बसमध्ये ना तू, ना मी. तरी ती जायची. पाच-सहा वर्षं जात होती. त्या बसचा कंडक्टर मशीन घेऊन आला होता, तो म्हणाला. तुमच्या आई असतात की रोज, म्हणाला. सहाला येऊन बसतात, बस निघाली की उठतात.”

“कुणाची वाट बघायची?”

“काय माहीत!”

“तू विचारलं नाहीस?”

“विचारणार होतो. पुढच्या खेपेला घरी जाईन तेव्हा विचारू, असं करता करता राहिलं. इथे राहायला आली तोवर विसरूनही गेलो.” धाकट्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. “आणि तू?”

“मला माहीतच नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“नाही, त्याच्या आधी. आपण दोघं त्या बसने येत होतो तेव्हा. तू कधी विचारलंस तिला?”

मास्तरांनी बॉबिन खाली ठेवली. रोज वीस मिनिटं ती तिघं एका रस्त्याने चालत घरी जात होती. चार वर्षं. विधानं करायला त्यांच्यापाशी भरपूर वेळ होता आणि ती त्यांनी केली, मनातल्या मनात, एकामागून एक. प्रश्न एकही विचारला नाही.

“आपल्या गावात बसायला तेवढं एकच बाकडं होतं, नाही?” ते म्हणाले.

धाकटा विचारात पडला. “हो. सावलीतलं तेवढंच. घरी तर ती बसलेली मला आठवतच नाही.”

सव्वातीन वाजले होते. धाकटा म्हणाला, चहा मागवतो. मास्तर म्हणाले, पाचला पोचायचंय, रविवारी येतो. “येतो म्हणजे येणार?” धाकट्याने विचारलं. “अ,” मास्तर म्हणाले. धाकट्याला काही कळलं नाही, पण तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला, आणि मास्तरांच्या हातातली छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत राहिला. मास्तरांनी ती घेऊ दिली.

परतीची बस कचेरीच्या अलीकडे दोन चौक अडकली. पाचला वीस कमी होते. मास्तर उतरले आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस जेवढं धावू शकतो तेवढं धावले. जिना चढून आक्षेपताईंच्या टेबलापाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ताई शिक्का हातात घेऊन बसलेल्या होत्या.

“बसा आधी. पाणी घ्या. दहा मिनिटं आहेत.”

मास्तरांनी उभ्यानेच फॉर्म काढला. ‘सूची कायम’ खोडलं, ‘सूची बदल’भोवती गोल केला. योग्य उत्तर: क. चूक कशी झाली, या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘प्रश्नकर्त्याने परिच्छेदाबाहेरची माहिती वापरली. तीही अपुरी होती.’ मग त्यांच्याच भांडणातून आलेला तो शेवटचा रकाना उरला, नसलेली माहिती. तिथे ते इतका वेळ थांबले की ताईंनी घड्याळाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघितलं. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद सरकवला.

ताईंनी शिक्का मारला. चार वाजून सत्तावन्न मिनिटं. “मॅडम आता माझं डोकं खाणार,” त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा खुलला होता. “त्या घड्या घालणाऱ्या बाईंना एकच गुण हवा होता ना? आल्या मग त्या यादीत.” आणि त्या फॉर्म वाचायला लागल्या. शेवटच्या रकान्यापाशी अडखळल्या.

“मास्तर, हे काय? ‘बाईंना कुणी विचारलेले नाही.’ इथे आपण ‘परिच्छेदात दिलेले नाही’ असं लिहितो ना?”

“तेही लिहा.”

“आणि हे ठेवू?”

“ठेवा.”

ताईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. “पण विचारायचं कुणी होतं?”

“थोरल्याने,” मास्तर म्हणाले.

“थोरला परिच्छेदात नाहीच आहे, मास्तर.”

“नाही ना,” मास्तर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीवर टेकले. “तोच तिथे असायला हवा होता.”